फ्लॉवरपॉटमधलं सरपण

आमच्या घरात कापूस परदेशातून येतो.

माझे वडील कापूस पिकवतात, त्यांचे वडीलही कापूसच पिकवायचे, आणि पारोळ्याजवळच्या आमच्या गावात दिवाळीनंतर घरात माणसांपेक्षा कापसाला जागा जास्त असते. भाव वाढेल या आशेने पुढची खोली आढ्यापर्यंत कापसाने भरलेली आणि आम्ही सगळे मागच्या खोलीत अंग खाजवत बसलेलो, असं माझं बालपण. (बी.कॉम.चा अभ्यास मी त्या कापसाच्या ढिगावर बसूनच केला. मऊ लागतो, पण खाज सुटते. त्यामुळे अभ्यास करताना कधी डुलकी लागली नाही.) आमच्या घराण्यातली पहिली पदवीधर मीच. आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, माझ्या पदवीला फ्रेम करून ती देव्हाऱ्याशेजारी टांगली आहे. सकाळी देवांना हात जोडतात तेव्हा त्यातला थोडा नमस्कार तिलाही मिळतो.

तर अशा घरातल्या मुलीने परदेशातून कापूस का मागवला? त्याला कारण माझी नणंद.

निर्मलाताई धुळ्याला देवपुरात राहतात. बंगला आहे, मुलगा दुबईला आहे, आणि हॉल असा आहे की त्यात पाय ठेवताना आपण मनातल्या मनात त्यांच्या गालिच्याची माफी मागतो. आम्ही जळगावला मेहरूणमध्ये रो-हाउस घेतलं तेव्हा त्या बघायला आल्या. सगळ्या खोल्यांतून फिरल्या, चहा घेतला आणि म्हणाल्या, "घर छान आहे हं स्वाती. आता सामान आलं की आणखी छान दिसेल."

सामान सगळं आलेलं होतं! त्या सामानावर बसूनच बाई बोलत होत्या!

मी स्पष्ट बोलणारी बाई आहे. ऑफिसात साहेबांनाही तोंडावर सांगते. पण निर्मलाताई मोठ्या, शिवाय नवऱ्याची एकुलती एक बहीण. मी बिस्किटांची बशी पुढे केली आणि त्याच दिवशी ठरवलं की पुढच्या वेळी या बाईंचं तोंड या हॉलमध्ये उघडलं पाहिजे आणि बराच वेळ उघडंच राहिलं पाहिजे.

मग मी मोबाइलवर परदेशातली घरं बघायला लागले. तिथली घरं फार वेगळी असतात. त्यांत माणसं राहत नाहीत, उशा राहतात. सोफ्यावर उशा, पलंगावर उशा, खिडकीत उशा. सगळं पांढरं. तेलाची बाटली नाही, चार्जर नाही, दाराआड झाडू नाही. आणि प्रत्येक घरात मधोमध एक टेबल, टेबलावर एक उंच मातीचं भांडं, आणि त्या भांड्यात कपाशीच्या काड्या! बोंडांसकट! बोंडं फुटलेली, कापूस टपोरा, पान एकही नाही. काय सांगू, इतकी सुंदर कपाशी मी जन्मात पाहिली नव्हती. (जन्मात दुसरं काहीच पाहिलं नव्हतं, हे तेव्हा लक्षात आलं नाही.)

मागवली. परदेशी दुकानातून, जरा जास्तच. सोबत काड्या ठेवायला एक जुनाट दिसणारी, पण नवी, लाकडी पेटी. शिवाय दारावर टांगायचं वाळक्या वेलींचं एक कडं. किंमत मी कोणाला सांगितलेली नाही, इथेही सांगणार नाही.

पार्सल आलं तेव्हा दार प्रमोदने, म्हणजे माझ्या नवऱ्याने, उघडलं. त्याने खोका हुंगला.

"बिर्याणी मागवलीस?"

"डेकोर आहे ते. त्याला दालचिनीचा सुगंध दिलेला असतो."

त्याने आत डोकावलं. मग माझ्याकडे पाहिलं. मग पुन्हा आत.

"स्वाती, या काड्या आहेत."

"कॉटन स्टेम्स आहेत."

"कपाशीच्या काड्या आहेत! जळगावात! अगं, आबांना फोन केला असतास तर ट्रॅक्टर भरून—"

"आबांच्या काड्यांना अळी असते. आणि फिनिशिंग नसतं."

फिनिशिंग या शब्दावर प्रमोद नेहमी गप्प बसतो. त्याला तो कळत नाही. (मलाही फारसा कळत नाही, पण मी तो आधी वापरते.)

पौषातला रविवार ठरला. भरिताचा बेत. निर्मलाताई आणि त्यांचे मिस्टर धुळ्याहून येणार, आणि आबा गावाहून भरिताची वांगी घेऊन येणार. मी पहाटेपासून हॉल सजवला. पांढरी चादर, पांढऱ्या उशा, चार्जर लपवला, प्रमोदलाही लपवायचा विचार होता. मधोमध टेबल, त्यावर उंच फ्लॉवरपॉट, त्यात कपाशी. उरलेल्या काड्या लाकडी पेटीत घालून पेटी टेबलाखाली. दारावर ते कडं.

आबा सकाळीच आले. खांद्यावर वांग्यांची पिशवी, कपाळावर आठी. चप्पल काढता काढता सुरू झाले.

"त्या कंडक्टरनी भारा चढू दिधा नही! काड्यास्ना एवढासा भारा! म्हने, गाडी पेटी जाई. अरे, मी काय बिडी पी ऱ्हायनू का काड्यास्वर बशीसन?"

आमच्याकडे भरिताची वांगी कपाशीच्या काड्यांच्या जाळावर भाजतात, हे ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. दुसऱ्या कशावर भाजली तर ती भाजीच होते, भरीत होत नाही. निदान आबा तरी असंच मानतात.

"गॅसवर भाजू आबा. काय फरक पडतो?" मी म्हटलं.

"गॅसवरनं भरीत म्हंजे दवाखानानं जेवन," आबा म्हणाले आणि पडलेल्या चेहऱ्याने सोफ्याच्या कडेला बसले. मग त्यांचं लक्ष दाराकडे गेलं. "हाई चुंबळ दारवर कसाले टांगेल शे?"

आता, डोक्यावर हंडा ठेवायच्या चुंबळीला परदेशात लोक दारावर टांगतात, हे आबांना समजावण्याइतका वेळ माझ्याकडे नव्हता. कांद्याची पात आणायची राहिली होती. "असू द्या आबा, मी आलेच," म्हणून मी चौकात गेले.

परत आले तर गल्लीच्या तोंडाशीच मला दालचिनीचा वास आला.

मी धावले. हॉलमध्ये फ्लॉवरपॉट होता. रिकामा! टेबलाखाली पेटी नव्हती. दारावर कडं नव्हतं. सोफ्यावर प्रमोद मात्र होता, मोबाइल बघत.

"काड्या कुठायत?"

"कोणत्या? आबांनी विचारलं, 'जवाईबापू, ह्या लेऊ का?' मी म्हटलं, घ्या ना आबा, तुमचंच घर आहे."

"तू वर बघून म्हणालास की मोबाइलमध्ये बघून?"

त्याने आता वर बघितलं. टेबल बघितलं. मला बघितलं. आणि पहिल्यांदाच त्याच्या चेहऱ्यावर फिनिशिंगचा अर्थ उमटला.

मागच्या अंगणात आबा उकिडवे बसले होते. पुढे जाळ. माझी जुनाट दिसणारी नवी पेटी फोडून खाली घातलेली, तिच्यावर परदेशातून आलेल्या काड्या कडाकडा पेटलेल्या, आणि त्यात आमची हिरवी वांगी खुशाल भाजत होती. बाजूला वर्तमानपत्रावर कापसाचा एक नीट ढीग. एकेक बोंड वेचून घेतलेलं होतं.

"कापूस जाळतस का कोनी?" मला बघून आबा म्हणाले. "देवाले वाती कर. धागा आखूड शे, बाजारमा कोनी इचारनार नही. पन काड्या कोरड्या खडखडीत! आन् वास काय शे व! हाई बियानं कोनतं?"

मी तोंड उघडलं. जे बोलणार होते ते सगळं जिभेवर आलेलं होतं. तेवढ्यात आबांनी उपरण्याने डोळे पुसले. (धूर होता. दालचिनीचा धूर डोळ्यांना फार झोंबतो. मलाही झोंबला.)

"माले वाटे, पोर शिकनी, शहरमा गयी, आते बठ्ठं इसरी गयी व्हई," आबा जाळाकडे बघत म्हणाले. "पन नही. बाप येनार, भरीत व्हनार, म्हनीसन काड्या ठेवेल व्हत्यात तिनी. आन् त्याबी उभ्या! भांडामा! खालून ओल लागाले नको. हाई शिकेल मानूसनं डोकं शे!"

माझ्या पदवीचं इतकं कौतुक विद्यापीठानेसुद्धा केलं नव्हतं. मी पात घेऊन आत गेले आणि चिरायला बसले.

निर्मलाताई वेळेवर आल्या. हॉलमध्ये उभ्या राहून त्यांनी नजर फिरवली. पांढरी चादर, पांढऱ्या उशा, आणि मधोमध टेबलावर एक उंच रिकामं मडकं.

"सामान अजून येतंय वाटतं," त्या म्हणाल्या.

मी पुऱ्या तळायला गेले. जरा जोरातच तळल्या.

आबांनी वांगी बडगीत, म्हणजे खोलगट लाकडी भांड्यात, ठेचली, मिरच्या, लसूण, पात, शेंगदाणे घातले आणि भरिताचं पातेलं आणून पंगतीच्या मधोमध ठेवलं. खाली आधाराला माझं दारावरचं कडं. सगळे जेवायला लागले. पहिल्या घासाला निर्मलाताईंचे मिस्टर थांबले. दुसऱ्या घासाला निर्मलाताई थांबल्या.

"स्वाती, भरितात काय घातलंस गं?"

"नेहमीचंच."

"नेहमीचं कसं? दालचिनी आहे ही! भरितात दालचिनी?"

"त्या काड्यास्ना वास शे," आबा आनंदाने म्हणाले. "नवीन वान दिसस. मन्ही पोरनी खास मन्हासाठे काड्या ठेवेल व्हत्यात. त्या भांडामा!" आणि त्यांनी टेबलावरच्या मडक्याकडे बोट केलं.

निर्मलाताईंनी मडक्याकडे पाहिलं. मग माझ्याकडे. घास हातातच होता.

"तू हॉलमध्ये, फ्लॉवरपॉटमध्ये, सरपण ठेवतेस?"

प्रमोदला वाटलं आता आपण बायकोच्या मदतीला जावं. लग्नानंतर ही वेळ त्याच्यावर क्वचितच आली होती. "ताई, अगं, त्या काड्या साध्या नव्हत्या. त्या फॉरेन—"

मी वाढता वाढता त्याच्या पायावर पाय दिला. पूर्ण वजनाने.

एका वाक्याचं काम होतं. कोणत्या देशातून आल्या, किती दिवस वाट पाहिली, काय किंमत पडली, एवढं सांगितलं असतं तर निर्मलाताईंचं तोंड मी ठरवल्याप्रमाणे उघडलं असतं आणि बराच वेळ उघडंच राहिलं असतं. त्यांच्याशेजारी आबा दुसरी पुरी मोडत होते आणि सगळ्यांच्या ताटांकडे बघत होते, कोणाचं भरीत संपलं का ते.

"हो ताई," मी म्हटलं. "उभं ठेवलं की ओल लागत नाही."

आबांनी मान डोलावली. "डोकं शे," ते निर्मलाताईंच्या मिस्टरांना म्हणाले.

जाताना निर्मलाताईंनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. फार मायेने ठेवला, म्हणूनच जास्त लागला. "हळूहळू होतं गं सगळं. मीही सुरुवातीला अशीच होते."

त्या संध्याकाळी मी देवापुढे परदेशी वातींचा दिवा लावला. देव्हाऱ्याला मिठाईच्या दुकानासारखा वास सुटला. देवांनी चालवून घेतलं.

पुढे थोड्या दिवसांनी दारावर पार्सल आलं. मी काही मागवलं नव्हतं. (प्रमोदने तीनदा विचारून खात्री केली.) खोका उघडायच्या आधीच मला वास आला. तेच दुकान, तीच पेटी, त्याच काड्या! पाठोपाठ निर्मलाताईंचा फोन.

"मिळालं का गं? तुझ्यासाठी मुद्दाम परदेशातून मागवलंय. कॉटन स्टेम्स म्हणतात त्याला. फ्लॉवरपॉटमध्ये असं काहीतरी ठेवायचं असतं, स्वाती. सरपण नाही. आता कळेल तुला फरक."

"कळला ताई," मी म्हटलं. "थँक यू."

काड्या फ्लॉवरपॉटमध्ये मांडल्या. लांब जाऊन बघितलं. खरोखर सुंदर दिसत होत्या. मी अजून कौतुकाने बघतच होते, तेवढ्यात फोन वाजला. आबा.

"आयतवारले येस मी. वांगा मस्त उतरनात. काड्यास्ना भारा आनू का? तो कंडक्टर फिरी कटकट करी. का तुनाकडे शेतस?"

मी फ्लॉवरपॉटकडे पाहिलं.

"शेतस आबा," मी म्हटलं. "भारा नका आनू. ह्या टाइमले देवपूरथीन येल शेतस."

फोन ठेवला. मग सगळी बोंडं वेचून घेतली. आणि मी, आमच्या घराण्यातली पहिली पदवीधर, मागच्या अंगणात बादली घेऊन बसले आणि परदेशातून आलेल्या कपाशीच्या काड्या, दालचिनीचा वास जाईपर्यंत, कपड्यांच्या साबणाने एकेक करून धुतल्या. वाळायला रविवारपर्यंत वेळ होता.