काठावर कोरलेलं नाव

गेली पंचवीस-तीस वर्षं मी जुनी नाणी गोळा करतो. जवाहरनगरच्या फॅक्टरीत नोकरी, क्वार्टरमधलं घर, आणि हा एक नाद. बायको आंधळगावची, विणकरांच्या घरची. तिच्या माहेरी अजून माग चालतो. ती म्हणायची, "आमच्या घरी आठ-आठ दिवस बसून एक साडी निघते, पण ती नेसता तरी येते. तुमच्या या चिल्लरचं काय होते?" मी हसून नाण्यांचा डबा बंद करायचो.

आमच्या कॉलनीच्या रविवारच्या बाजारात करडीकडचे एक काका मासोळ्या विकायला बसतात. धीवर समाजाचे, सत्तरीच्या पुढचे. एकदा गाळात त्यांच्या जाळ्याला एक जुना तांब्याचा पैसा लागला. मी असल्या वस्तू घेतो हे कुणीतरी सांगितलं म्हणून तो घेऊन माझ्याकडे आले. तिथून ओळख झाली. पुढे दर रविवारी मासोळी घेता घेता दहा-पंधरा मिनिटं गप्पा व्हायच्या.

अशाच एका रविवारी त्यांनी आपल्या आज्याची गोष्ट सांगितली. पहिल्या महायुद्धाच्या वेळी सरकारची माणसं भरतीसाठी गावोगाव फिरत होती, तेव्हा तो गेला. "लढाईत गेलता, पण बंदूक धराले नाही. नाव चालवाले," काका म्हणाले. "समुद्रापार. तिथंही नदी होती म्हणे, पण काठानं नुसती खजुराची झाडं." तीन वर्षांनी तो परत आला तेव्हा त्याच्याजवळ एक मेडल होतं. एका बाजूला राजाचं तोंड, दुसऱ्या बाजूला घोड्यावर बसलेला नागडा माणूस. त्या नागड्या माणसाला पाहून घरची पोरं हसायची, म्हणून आजीनं मेडलला भोक पाडून ते काकांच्या वडलांच्या गळ्यात बांधलं, राजाचं तोंड वर करून. वडील मोठे झाल्यावर ते फुटक्या भांड्यांत पडून राहिलं. मग एक दिवस भांडीवाला आला. आजीनं सगळी मोड त्याला दिली आणि पाणी भरायला पितळेचा नवा गुंड घेतला. त्या मोडीत मेडलही गेलं.

"आजा आठ दिवस कोणासंग बोलला नाही म्हणे," काका म्हणाले आणि मासोळी कापायला लागले.

मागच्या हिवाळ्यात मुंबईच्या एका लिलावाचं कॅटलॉग मी मोबाईलवर पाहत होतो. माझी सवय अशी की सोन्याच्या मोहरा नुसत्या पाहायच्या आणि शेवटची स्वस्तातली पानं वाचायची. तिथे एक ब्रॉन्झचं मेडल होतं. पुढे राजा, मागे घोडेस्वार. वर्णनात लिहिलं होतं: कडी तुटलेली, वर भोक, बरीच झीज, काठाला इजा. त्या काळच्या मेडलच्या काठावर ज्याचं त्याचं नाव कोरलेलं असायचं. काठाचा फोटो मोठा करून मी इंग्रजी अक्षरं लावली. आधी नंबर, मग काकांनी सांगितलेलं त्यांच्या आज्याचं नाव, आणि नावापुढे धीवर.

लगेच काकांना गाठून सांगावंसं वाटलं. पण ते नाव आपल्याकडे गावोगाव सापडेल, आणि नद्याही पुष्कळ आहेत. म्हणून मी स्वतःला आवरलं. काकांना नाव सांगायचं नाही, फक्त फोटो दाखवायचा असं ठरवलं.

रविवारी त्यांच्या पुढे बसलो आणि मोबाईल दिला. त्यांनी राजा पाहिला, घोडेस्वार पाहिला, हसले. "असंच असन पाहा ते." मग मी काठाचा फोटो लावला. अक्षरं त्यांना वाचता येत नव्हती. त्यांनी बोट ठेवलं ते नावाच्या पलीकडे, जिथे धातूवर तीन बारीक खाचा होत्या. दोन उभ्या, एक तिरपी.

"हे कोणं केलं?" त्यांनी विचारलं.

"तिथं खराब झालं आहे, काका. तसं लिहिलं आहे त्यांनी."

"खराब नाही झालं, बाबू."

त्यांनी पुढ्यातली पावशी, मासोळी कापायची विळी, उचलली आणि तिचा लाकडी पाट उलटा करून माझ्या पुढे धरला. ओल्या लाकडाला खवले चिकटले होते. एका कोपऱ्यात खाचा होत्या. दोन उभ्या, एक तिरपी.

"आज्याले लिहिता येत नव्हतं," ते म्हणाले. "डोंगा, वल्हं, जाळ्याची लाकडं, सगळ्यावर हेच निशाण. माह्या बापानं तेच केलं, मी बी तेच करतो. शंभर माणसात सारखंच मेडल भेटलं असन, तर आपलं कोणतं, हे कसं समजन त्याले?"

मी बाजारात उकिडवा बसलो होतो, मागे लोक भाव करत होते, आणि मी काठाचा तो फोटो पुन्हा मोठा केला. आज्याच्या खाचांच्या शेजारीच, बोटभर अंतरावर, त्याचं नाव होतं. ते त्याला दिसत असणार, पण नाव म्हणून नाही.

लिलाव शनिवारी दुपारी होता. मी नाव नोंदवलं, कागदपत्रं पाठवली. खर्च अर्धा-अर्धा असं काकांनीच ठरवलं. फुकट घेणारा माणूस नव्हे तो. दहा हजारांच्या वर जायचं नाही हेही ठरलं. शनिवारी ते धुतलेला सदरा घालून सकाळच्या बसनं आले आणि सोफ्याच्या अगदी कडेवर बसले. लॅपटॉप मी टीव्हीला जोडला होता. मुंबईचा हॉल दिसत होता, खुर्च्यांवर माणसं, पुढे हातोडा घेतलेला एक भराभर बोलणारा गृहस्थ. एकेक नाणं पडद्यावर येत होतं आणि मिनिटाभरात लाखाला जात होतं.

काका बराच वेळ पाहत राहिले. मग हळूच म्हणाले, "हे सगळं राजांचंच होय का?"

"बहुतेक."

"मंग आमच्यावाल्याले कोण घेऊन राहिलं?"

मलाही तसंच वाटत होतं. पण आमचा लॉट आला आणि दोन हजारांवर सुरू झालेली बोली बघता बघता पाचावर गेली. हॉलमध्ये निळ्या शर्टातला एकजण हात वर करत होता. मी बटन दाबलं की तो करायचा. सात. आठ. नऊ. मी दहा दाबले. त्यानं अकरा केले, आमच्याकडे न पाहता, आपल्या शेजाऱ्याशी बोलत बोलत.

मी बटनावरून हात काढला.

"राहू द्या बाबू," काका म्हणाले. "पाहाले भेटलं, झालं." पण त्यांनी डोळे पडद्यावरून हलवले नव्हते.

हातोडा वर गेला. "अकरा हजार, एक वार... दोन वार..."

स्वयंपाकघराच्या दारात बायको उभी होती. ती केव्हापासून तिथे होती मला माहीत नाही. ती तरातरा आली, माझ्या खांद्यावरून हात घातला आणि कणीक लागलेल्या बोटानं बटन दाबलं.

"दहाच्या वरचे माझे," ती म्हणाली.

त्याच क्षणी पडदा अडकला. हातोडेवाला हात वर करून थिजला आणि मधोमध एक गोल फिरू लागला. आम्ही तिघंही त्या गोलाकडे पाहत होतो. मग आवाज आधी आला, चित्र नंतर: "...ऑनलाइन, बारा हजार." निळ्या शर्टानं मान हलवली. हातोडा पडला.

"मी बरोबरच बटन दाबलं न?" बायकोनं विचारलं. काका दोन्ही हातांनी तोंड झाकून बसले होते. ती त्यांच्यासाठी पाणी आणायला गेली.

पार्सल आल्यावर मी आणि बायको स्कूटरनं करडीला गेलो. धानाच्या मळण्या सुरू होत्या. काकांच्या अंगणात घरचे आणि शेजारचे मिळून पंधरा-वीसजण जमले होते. मी प्लॅस्टिकच्या डबीतून मेडल काढून त्यांच्या तळहातावर ठेवलं. काकूंनी लगेच चिंच आणायला सांगितलं. घासल्यावर लखलख होईल म्हणाल्या. जुनं नाणं घासायचं नसतं, हे मी आजवर किती लोकांना बजावलं असेल! तोंड उघडलं होतं, ते मिटलं. घर त्यांचं, माणूस त्यांचा. शेवटी काकांनीच नको म्हटलं. त्यांना भीती वाटली की खाचा बुजतील.

"त्याचं नाव कुठं हाय?" त्यांनी मला विचारलं. "माहं बोट ठेवा त्याच्यावर."

मी त्यांचं बोट धरून एकेका अक्षरावरून नेलं. जाळं ओढून ओढून कडक झालेलं बोट होतं, त्याला किती कळत होतं कोण जाणे.

"म्हणजे नाव होतंच याच्यावर?"

"होतंच, काका. सरकारनंच कोरून दिलं होतं."

"आन हे त्याले कोणी वाचून नाही दाखवलं?"

काकांनी मेडल काकूंच्या हातात दिलं.

मग काकूंनी ते ताटलीतल्या तांदळावर ठेवलं, हळदकुंकू वाहिलं. त्यानंतर काकांनी एकेकाला पुढे बोलावलं. सुना, लेकी, नातवंडं, शेजारची एक म्हातारी. प्रत्येकाचं बोट त्या काठावर ठेवायचं आणि मी नाव मोठ्यानं वाचायचं. ज्यांना स्वतःला वाचता येत होतं त्यांनाही ते माझ्याच तोंडून ऐकायचं होतं. सगळ्यात शेवटी माझी बायको पुढे झाली. तोवर माझा घसा बसला होता, तरी तिच्यासाठी ते मी पुन्हा एकदा वाचलं.