आवाज न चढणारं घर

सुमे, माझ्या पाठवणीच्या दिवशी आई-बाबा एकमेकांशी बोलत नव्हते, आठवतं का तुला? बदलापुरात बेलवलीच्या आपल्या घरासमोर गाडी उभी होती. आई डोळे पुसत होती आणि बाबा मला म्हणाले, "तुझ्या आईला सांग, ओटीचे तांदूळ राहिलेत." आई शेजारीच होती. कशावरून बिनसलं होतं, ते शेवटपर्यंत कळलं नाही. निघताना आई माझ्या कानात एवढंच म्हणाली, "ऐकून घे. उलट बोलू नकोस."

बदलापूर ते उल्हासनगर म्हणजे काही परदेश नव्हे. तू पुढे मस्कतला गेलीस, तुझ्यापुढे मी कसलं घर सोडल्याचं सांगणार! पण ऐंशीच्या दशकाच्या शेवटी उल्हासनगरच्या जुन्या निर्वासित कॅम्पातल्या सासरच्या बराकीत आले आणि मला माणसंच कळेनात. शेजारची सिंधी अम्मा भिंतीपलीकडून ओरडायची, सासूबाई अलीकडून. मला वाटायचं, जुंपली. तर थोड्या वेळाने अम्मा भाजलेले पापड घेऊन दारात हजर! आपले बाबा अभिमानाने म्हणायचे, "माझ्या घरात कधी आवाज चढत नाही." चांगलं घर असंच असतं, असं मी धरून चालले होते.

एकदा माझ्या हातून दूध उतू गेलं. सासूबाई कडाडल्या, "लक्ष कुठं असतं गं तुझं?" मी माहेरी शिकलेलं केलं. गप्प बसले. दुसऱ्या दिवशीही गप्प. शेवटी भाजी चिरता चिरता त्यांनी विळी बाजूला सारली आणि माझ्यासमोर येऊन बसल्या.

"भांड की माझ्याशी! अशी मुकी बसलीस की मला भीती वाटते गं पोरी. काय चुकलं तेच कळत नाही."

मोठं माणूस असं म्हणतं? मला रडूच फुटलं. म्हटलं, "मला ओरडलेलं सहन होत नाही. हळू सांगा, मी ऐकेन." त्यांनी प्रयत्न केला. दर वेळी जमायचं नाही. आवाज चढला की स्वतःच जीभ चावायच्या. मीही हळूहळू मनातलं बोलायला शिकले.

काही वर्षांनी दिवाळीला माहेरी गेले, तर आई-बाबांचा पुन्हा अबोला. मला वाटलं, आता आपल्याला येतं हे. बाबांजवळ बसून जमेल तितक्या हळू म्हटलं, "बाबा, तुम्ही आईशी बोलत नाही ना, तेव्हा मला भीती वाटते. लहानपणापासून वाटते."

बाबांनी पेपर घडी करून ठेवला, चपला घातल्या आणि बाहेर निघून गेले.

"कशाला बोललीस?" आई माझ्यावरच चिडली. "लागलं ना त्यांना!"

हळू बोललेलंही लागतं? मग बोलायचं तरी कसं?

थोड्याच दिवसांत बाबा एकटेच उल्हासनगरला आले. सासूबाई चहा ठेवायला आत गेल्यावर म्हणाले, "माझे वडील बोलायला लागले की हात उचलायचे. आईवर, माझ्यावर. मी ठरवलं होतं, राग आला की तोंड उघडायचं नाही. त्यानेही कुणाला लागत असेल, हे माझ्या कधी मनातच आलं नाही."

ज्या अबोल्याला मी जन्मभर घाबरले, ती त्यांची माया होती? मग आईने सोसलं ते काय? त्यांच्या हातावर हात ठेवून विचारलं, "आईला सांगितलंत हे?"

"सांगेन," म्हणाले.

सांगितलं असणार. पुढच्या खेपेला आई म्हणाली, "बोलतात आता माझ्याशी. पण इतक्या वर्षांनी मलाच काय बोलावं ते सुचत नाही गं."

तू फोनवर विचारलंस, घर कुठलं वाटतं? माहेरी बसले की इथला गलका हवासा वाटतो. इथे सासूबाई आणि अम्मा सुरू झाल्या की बेलवलीची शांतता आठवते, आणि मग तिचीच भीती वाटते. कुठल्या घरात कसं बोलायचं, हे मला अजून दारात उभं राहून ठरवावं लागतं. पण कडी वाजवली की दोन्हीकडे कुणीतरी हातातलं काम टाकून दार उघडायला येतं. तेवढं मात्र मला कळतं.