एकही खिळा न ठोकता

२ नोव्हेंबर. सिहोऱ्यातल्या भाड्याच्या घरात सामान लावायचं काम. घरमालकीणबाईंनी बजावलं होतं: भिंतीत खिळा दिसला, की घर खाली. बदलीच्या गावात दुसरं घर कुठे शोधणार? मी पाण्याची पितळी गुंडी चिंचेनं घासून कोपऱ्यात ठेवली, तिच्यात नव्या धानाच्या लोंब्या खोचल्या.

संध्याकाळी बाई आल्या, सगळ्या भिंतींवरून हात फिरवला आणि गुंडीपाशी थबकल्या.

"मॅडम, हे मले काहून नाही सुचलं?"

खूश होऊन त्यांनी घरून स्वतःचा फ्रेममधला फोटो आणला. "समोरच्या भिंतीवर लावजा."

"आणि खिळा?"

"माह्या फोटोले एक चालते."

"नाही बाई, नियम म्हणजे नियम."

३ नोव्हेंबर. सकाळी मी फोटो तांदळाच्या कोठीवर, भिंतीकडे तोंड करून टेकवला. खिळ्यांवर त्यांचंच लक्ष राहील.