प्रमिलामामींचा खोचलेला पदर

हैदराबादेत, नल्लकुंट्याच्या त्या गल्लीत प्रमिलाबाई उमरीकरांना कुणी उमरीकरबाई म्हणत नसे. लहानथोर सगळे मामीच म्हणत, आणि मामींची ओळख करून देताना पुढचं वाक्य ठरलेलं असे, "या नाणं गायब करतात." नवरा माधवराव पाटबंधारे खात्यात, बोलायला मागे आणि पान जमवायला पुढे. मामी मुलींच्या शाळेत शिवण शिकवत. अंगाने ठेंगण्या, जिभेने तिखट. एखाद्याचा राग आला की तो लोणच्यासारखा मुरवत ठेवायच्या, टाकून द्यायचं नाव नाही.

जादू त्यांच्याकडे वडिलांकडून आली. वडील सुलतान बाजारात एका वकिलाकडे कारकून होते आणि त्यांना ती अफझलगंजच्या एका अत्तरवाल्याने शिकवली होती. वडील शेरवानीच्या बाहीत नाणं सरकवायचे. मामींना ना तशी बाही, ना खिसा, आणि या खेळाची खरी मेख तिथेच आहे. लोकांना वाटतं, नाणं गायब करणं अवघड. छे! ते कुणालाही जमतं. अवघड असतं ते गायब झालेल्या नाण्याला ठिकाणावर पोचवणं. लोक समजतात नाणं उजव्या मुठीत आहे, ते असतं डाव्या तळव्यात. उजवी मूठ रिकामी दाखवली की कुणीतरी आगाऊ माणूस म्हणतोच, "आता तो हात दाखवा." तो तसं म्हणायच्या आत नाणं डाव्या हातातून गेलेलं असलं पाहिजे, आणि हात तिकडे कशाला गेला हा प्रश्न कुणाच्या मनातही येता कामा नये. वडील म्हणायचे, "हाताला काम दे, बेटा. रिकाम्या हाताकडे सगळे बघतात."

मामींनी हाताला काम शोधलं ते पदर खोचण्याचं. बाई सकाळपासून किती वेळा पदर खोचते हे तिचं तिला माहीत नसतं, बघणाऱ्याला तर नसतंच. मामी शिवणाच्या बाई. परकराच्या नाडीलगत, निऱ्यांच्या बाजूला, त्यांनी एक चिमुकला चोरकप्पा शिवला. मूठ उघडून दाखवायची, हसायचं, आणि "चला, पानं वाढायची आहेत" म्हणत पदर खोचायचा. नाणं कप्प्यात. मग दोन्ही हात खुशाल दाखवा. गणपतीत, डोहाळजेवणात, हळदीकुंकवात बायका डोळे फाडून बघायच्या आणि कुणालाही कधी काही कळलं नाही. माधवरावांनाही नाही. मामींजवळ मोठं असं काही नव्हतं. दागिने बेताचे, शिक्षण बेताचं, पोरबाळ नाही. ही एक गोष्ट मात्र त्यांची स्वतःची होती आणि ती शहरात दुसऱ्या कुणाकडेही नव्हती.

ज्या साली घराघरांवर केबलच्या तारा लोंबायला लागल्या, त्या साली त्यांच्या नणंदेचा, शोभाचा मुलगा आशिष पुण्याहून आला. नव्या कंपन्या येत होत्या, पेजर विकायची नोकरी लागली होती, टाय बांधून सबंध शहर पालथं घालायचा. खोली मिळेपर्यंत मामाकडे राहिला आणि खोली मिळाल्यावरही जेवायला मामाकडेच येत राहिला. गोड बोलायचा. "मामी, मला शिकव ना. गिऱ्हाइकासमोर पाच मिनिटं जादू केली की पेजर खपतोच बघ." वर्षभर मागे लागला. मामींनी शेवटी शिकवलं. पुरुषाला पदर नाही, म्हणून त्याला वेगळी वाट दिली. समोर एखादं ताट-वाटी असावी, त्यात तांदूळ, बडीशेप, काहीही. मुठीवर टाकायला चिमूटभर घ्यायचं आणि घेता घेता नाणं आत सोडून यायचं. परत काढायचं तेव्हाही तसंच. पोरगा हुशार, चटकन उचललं. मग एक दिवस लाडात येऊन त्याने विचारलं, "आणि तुझं कुठे जातं?" मामींनी कप्पा दाखवला. आयुष्यात पहिल्यांदा कुणालातरी दाखवला.

पुढच्या गणपतीत आशिष म्हणाला, "मामी, एक जुनी साडी दे. नाटकात लागते." मामींनी हिरवी इरकल दिली, वर इस्त्री करून दिली. त्या रात्री केबलवाल्याचा स्वतःचा कार्यक्रम होता आणि शेजारच्या बायका मामींच्याच घरी टीव्ही बघायला जमल्या होत्या. पडद्यावर आशिष आला, अंगावर तीच इरकल, कपाळावर रुपयाएवढं कुंकू. "मी नल्लकुंट्याची मामी!" कंबर हलवत, आवाज चिरका करत त्याने नाणं गायब केलं, पदर खोचला, आणि मग निऱ्या बाजूला सारून कप्पाच कॅमेऱ्यासमोर उलटा केला. नाणं खणकन खाली पडलं. मामींच्या घरात बसलेल्या बायका डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या. मामी उठून आत गेल्या आणि उगाच डबे पुसत बसल्या.

"अगं, गंमत होती," दुसऱ्या दिवशी जेवता जेवता आशिष म्हणाला. "उलट तुझंच नाव झालं! केवढ्या लोकांनी बघितलं."

मामींनी त्याला वरण वाढलं.

खेळ तर मेलाच, पण त्याहून वाईट पुढे झालं. मामींनी कुठेही पदर खोचला की कुणीतरी खिदळायचं. बरकतपुऱ्याच्या हळदीकुंकवात, शाळेत, भाजीवाल्यापाशी. "बघा, बघा, गेलं नाणं!" वाढायला वाकल्या तरी तेच, शाळेतल्या मुलीसुद्धा तोंडावर हात ठेवायच्या. मामींनी पदर खोचणंच सोडलं. मोकळ्या पदराने स्वयंपाक करायच्या. तो सारात बुडायचा, एकदा गॅसवर करपला. माधवराव म्हणाले, "खोच की तो." मामींनी त्यांच्याकडे असं पाहिलं की त्यांनी पानाचा डबा उचलला आणि बाहेरचा ओटा गाठला. बाईला स्वतःच्या घरात स्वतःचा पदर खोचता येऊ नये, यापरता अपमान कोणता? त्या दिवशी मामींनी मनाशी ठरवलं, ज्या तोंडाने या पोराने माझं गुपित चारचौघांत फोडलं, त्याच तोंडाने तो स्वतःचं फोडेल, आणि तेही चारचौघांतच. कसं, ते ठाऊक नव्हतं. घाईही नव्हती.

घाई नाही म्हणता म्हणता आशिषचं लग्न ठरलं. मुलगी ज्योती, हैदराबादेतल्या जुन्या घरातली, वडील प्रकाशराव वकील. साखरपुडा फंक्शन हॉलमध्ये. ज्योतीच्या घरची एक रीत होती. निजामाच्या काळचा चारमिनारचं चित्र असलेला चांदीचा हाली सिक्का त्यांच्या देव्हाऱ्यात असे, आणि घरातल्या प्रत्येक लेकीच्या साखरपुड्याला तिची ओटी त्याच सिक्क्याने भरत. कार्य झालं की सिक्का परत देवापुढे. आजी सुशीलाबाई तो सुपारीच्या डबीत घालून स्वतः घेऊन आल्या होत्या आणि डबी कुणाच्या हातात देत नव्हत्या.

विधी झाले, ज्योतीची ओटी भरली, आणि पाहुण्यांनी गलका केला, "जावईबापू, जादू! जादू!" आशिषला तेवढंच हवं होतं. नवा सूट, समोर सासुरवाडी, वर व्हिडिओवाला. "आजी, तो सिक्का द्या बरं." आजींचा जीव होईना. प्रकाशराव म्हणाले, "दे ग अम्मा, घरचाच पोरगा आहे." आजींनी दिला.

ओटीचं ताट मामींच्या पुढ्यात होतं. मुलाची मामी म्हणून ते सांभाळायचं काम त्यांच्याकडे आलं होतं. ताटात तांदळाची रास, नारळ, खण, हळकुंडं. आशिषने सिक्का सर्वांना दाखवला, मुठीत घेतला, आणि ताटातल्या तांदळाकडे हात नेला. "थोड्या अक्षता टाकल्याशिवाय मंत्र लागत नाही हं!" मामींना बघायची गरजच नव्हती. त्यांनीच शिकवलेला हात होता तो. सिक्का राशीत कुठल्या बाजूला शिरला हे त्यांना डोळे मिटूनही सांगता आलं असतं. मूठ उघडली, रिकामी. दुसरा हात, रिकामा. टाळ्या पडल्या. मामींना मात्र आनंदाची अशी उकळी फुटली की त्यांना पाण्याचा घोट घ्यावा लागला.

"आता हाच सिक्का आजींच्या डबीतून निघेल!" आशिष ओरडला, आणि तेवढ्यात व्हिडिओवाल्याने हात वर केला.

"ठैरो भाई, ठैरो! कॅसेट खतम. बदली करतो, मग करा."

शेवट व्हिडिओत यायलाच हवा होता. आशिष थांबला, आरशासमोर उभं राहावं तसा टाय सारखा करू लागला.

मामी उठल्या. "विहीणबाईंची ओटी माझ्याकडून राहिलीय, तोवर भरून घेते." ज्योतीची आई सत्यवतीबाई पदर पसरून पुढे आल्या. मामींनी ताट पुढे सरकवलं, आणि मग तीन वर्षांत जे चारचौघांत केलं नव्हतं ते केलं. डाव्या हाताने पदर झोकात फिरवून कमरेला खोचला. नल्लकुंट्याच्या बायकांची सबंध रांग खुसखुसली. "बघा ग बघा! मामींचं नाणं गेलं!" सगळ्यांच्या माना मामींच्या कमरेकडे वळल्या. ज्यांनी तो कार्यक्रम पाहिला नव्हता त्यांनी शेजारणीला विचारलं, शेजारणीने कमरेकडे बोट दाखवलं. खुद्द आशिषही हसत तिकडेच बघत होता. आणि मामींचा उजवा हात तांदळात होता. त्यांनी विहिणीच्या पदरात शांतपणे ओंजळ सोडली, वर नारळ, वर खण, हळदकुंकू लावलं आणि जागेवर येऊन बसल्या. सत्यवतीबाईंनी पदराची गाठ मारली.

नवी कॅसेट लागली, लाल दिवा पेटला. आशिष बोलत बोलत ताटापाशी आला, अक्षता घ्यायला बोटं घातली. हसू तसंच ठेवून बोटं डावीकडे गेली, उजवीकडे गेली. चिमूटभर अक्षतांना एवढा वेळ लागत नाही, हे पोरासोरांच्याही लक्षात यायला लागलं. कपाळावर घाम आला. वाकून तो मामींच्या कानाशी लागला.

"मामी, तू ताट हलवलंस? दिसला का तुला?"

"मला काय दिसणार? मी पदर खोचत होते."

आशिषने मामींच्या चेहऱ्याकडे पाहिलं. बहुधा त्याला तेव्हाच कळलं. पण कळून काय करतो?

"झाला की तमाशा," सुशीलाबाईंचा आवाज आला. "माझा सिक्का दे."

"देतो आजी, एक मिनिट..."

"कायकू एक मिनिट? डबीतून निघतो म्हणालास नं? डबी तर खाली आहे, रिकामी!" आजींनी डबी उलटी करून दाखवली. प्रकाशराव वकिली आवाजात म्हणाले, "आशिषराव, सिक्का कुठे आहे ते सरळ सांगा."

आणि आशिषने सांगितलं. दुसरा उपायच नव्हता. सूटसकट जमिनीवर बसला, सगळं ताट सतरंजीवर ओतलं, आणि दोन्ही हातांनी तांदूळ चिवडत म्हणाला, "इथंच ठेवला होता हो! अक्षता घेतो ना, तेव्हा यात टाकतो. दर वेळी असंच करतो. गायब-बियब काही होत नसतो, इथंच असतो!" कॅमेरा चालू होता. कुणीतरी फिसकन हसलं, मग दोघंतिघं, मग अख्खा हॉल. शोभावन्सं डोक्याला हात लावून बसल्या. मामींनी त्यातलं एकेक हसू कानात साठवून घेतलं, घाई केली नाही. आजींचे डोळे भरून आले तेव्हाच बोलल्या. आजींशी त्यांचं काही वैर नव्हतं.

"विहीणबाई, पदराची गाठ सोडा बरं जरा."

सत्यवतीबाईंनी गाठ सोडली. तांदळात सिक्का होता, चारमिनारची बाजू वर. आजींनी सिक्का उचलून डोळ्यांना लावला. मग ज्या टाळ्या पडल्या त्या मामींसाठी होत्या. नल्लकुंट्याच्या बायका उठून त्यांच्याभोवती गोळा झाल्या. "पण आम्ही तर तुमच्या कमरेकडेच बघत होतो!"

"बघा की," मामी म्हणाल्या. "पोट भरून बघा."

निघताना आशिष पाया पडला. त्याला माफी मागायची होती की नुसता सिक्का तिथे कसा पोचला हे विचारायचं होतं, कोण जाणे. बहुतेक दुसरंच. मामींनी "औक्षवंत हो" म्हटलं, कारण तसं म्हणावं लागतं. मनातून त्यांनी त्याला माफ केलं नव्हतं आणि करायचा विचारही नव्हता.

लग्नानंतर महिन्याभराने ज्योती एकटीच आली. पदर सावरून खाली बसली आणि म्हणाली, "मामी, मला शिकवाल? त्या दिवशी मी ओटी घेऊन तुमच्या शेजारीच बसले होते, तरी दिसलं नाही."

मामींनी तिला नीट न्याहाळलं. हात लहान, बोटं लांब, बडबड कमी. "शिकवते. सगळं शिकवते, आजवर कुणाला दाखवलं नाही तेही. एकच अट. नवऱ्याला सांगायचं नाही. भांडला तरी नाही, रडला तरी नाही, म्हातारा झाला तरी नाही."

ज्योतीने मान डोलावली आणि ती हसली. तिनेही तो जुना कार्यक्रम कुणाकडून तरी ऐकला असावा.

तेव्हापासून दर गुरुवारी आशिष तिला स्कूटरवरून सोडायला येई. वर शिकवणी चाले आणि तो खाली ओट्यावर बसे. घरी परतताना तो दर वेळी विचारी, ज्योती दर वेळी भलतंच काहीतरी सांगे. पुढे तिचं नाव झालं, नव्या कंपन्यांच्या पार्ट्यांची बोलावणी तिला यायला लागली, आणि आशिष प्रेक्षकांत बसून सगळ्यांसारखाच तिच्या हातांकडे बघत राही. त्याच घरात, त्याच ताटात जेवून त्याला काही कळत नसे.

माधवरावांना भाच्याची दया आली. "आता सोड की. वर बोलाव त्याला. भाचा आहे आपला."

"भाचा आहे म्हणून तर ओट्यावर आहे," मामी म्हणाल्या. "परका असता तर गल्लीच्या तोंडाशी उभा केला असता." त्यांनी एक कप चहा खाली पाठवला, दाराला आतून कडी घातली, आणि ज्योतीसमोर येऊन बसल्या. "हं. पुन्हा कर. डावा हात अजून घाबरतोय तुझा."