नटांच्या बंगल्यांची सहल

ऑफिसची सहल म्हटलं की अजून माझं टाळकं सटकतं. हसत-खेळत जाणाऱ्यांनी खुशाल जावं, मला बोलावू नये.

ऐंशीच्या आसपासची गोष्ट. मी नाशिकला सरकारी कचेरीत क्लार्क होतो. आमच्या हेडक्लार्कने एका दिवसाची मुंबईची बस ठरवली. आधी जुहू-वांद्र्याला सिनेमावाल्यांचे बंगले, मग गेटवेला लाँचमधून समुद्राची फेरी. घरचं एक माणूस आणायची मुभा होती. बायको माहेरी गेलेली, म्हणून आईला म्हटलं, चल, मोठमोठ्या माणसांची घरं दाखवणार आहेत.

"आपल्या बाबांचं बी?" तिने विचारलं. ज्यांचा फोटो आमच्या घरी बुद्धाच्या शेजारी असतो, ते तिचे बाबा. त्यांचं घर दादरला आहे एवढं तिला ठाऊक होतं, बघितलं कधीच नव्हतं. मी दाढी करत होतो. "हो हो, सगळ्यांची," म्हणालो. धड ऐकलंही नव्हतं मी, हे आता कबूल करतो.

सहलीच्या दिवशी ती पौर्णिमेला विहारात नेसायची ते पांढरं लुगडं नेसून आली. पिशवीत मेणबत्त्यांचा पुडा. बसमध्ये एकाने विचारलं, "आजी, मयताला निघालात का?" सगळे खिदळले. मीही हसलो.

जुहूला एका नटाच्या बंगल्यासमोर बस पाऊण तास उभी होती. गाइड म्हणवणारा तो प्राणी सांगत होता की साहेब गॅलरीत येतात. पाच मिनिटं उशीर झाला तर माझी रजा मांडणारा हेडक्लार्क बंद फाटकासमोर माना उंचावून उभा. गुरखा हाकलत होता, तरी हलेना. शेवटी गॅलरीत एक हात आला आणि वाळत घातलेला टॉवेल घेऊन आत गेला. गड्याचा हात असणार, दुसरं काय. पण हेडक्लार्क पुढे महिनाभर सांगत सुटला होता, हात त्या नटाचाच म्हणून.

आई बसमधून उतरलीच नव्हती. मी आत आलो तशी म्हणाली, "ह्यांचं झालं की आपल्या बाबांचं ना?"

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. 

बस दादरवरूनच जाणार होती. मी गाइडला म्हटलं, दहा मिनिटं थांबवा. तो म्हणाला, यादीत नाही. हेडक्लार्क म्हणाला, "लाँच चुकेल. आणि तिथे बघण्यासारखं आहे काय हो?" फाटकासमोर घालवलेला पाऊण तास माझ्या जिभेवर आला होता. पण माझा गोपनीय अहवाल त्याच्याच हातून जायचा. मी गपगुमान जागेवर येऊन बसलो.

आईने सगळं ऐकलं होतं. दादरला सिग्नलला बस थांबली तशी ती उठली.

"मी उतरते. विचारत जाईन. तू येतो का?"

एकदाच विचारलं तिने. मी दबक्या आवाजात म्हणालो, "आई, बस खाली. लोक बघतायत."

ती उतरली. सिग्नल सुटला, बस निघाली.

त्या लाँचमध्ये मी भेळ खाल्ली. गाण्याच्या भेंड्यांत टाळ्याही वाजवल्या. त्या बसमधल्या प्रत्येकाचा मला संताप येत होता, आणि संतापून मी टाळ्या वाजवत होतो. परतताना पुन्हा दादर लागलं. मी खिडकीतून तिला शोधत राहिलो. उतरलो मात्र नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती एसटीने आली. तिथे भेटलेल्या बायकांनी तिला बाबांचं घर दाखवलं, रात्री आपल्या खोलीत ठेवून घेतलं आणि सकाळी गाडीत बसवून दिलं. हे मला शेजारणीकडून कळलं, मागाहून. मी दारातच उभा होतो. ती दिसताच तोंड उघडलं.

तिने पायातल्या वहाणा काढल्या. "तुझी माणसं पोचली का नीट?" एवढंच विचारलं, आणि आत गेली.