टिटवीला मोजता येत नाही

आमच्या ह्यांना पक्ष्यांच्या घरट्यांचे फोटो काढायचं वेड होतं आणि त्यापायी मला पक्ष्यांचा हेवा वाटायचा. हसू नका. नव्या नवरीचं वय ते. मी नवीन पातळ नेसून समोरून दोनदा गेले तरी ह्यांची मान वर होत नसे. आणि तेच हे, परसातल्या डाळिंबावर शिंजीर घरटं विणायला लागला की सकाळच्या कॉफीपासून जेवणाची पानं मांडेपर्यंत एका जागी उभे. शिंजिराच्या बायकोने कुठून कापूस आणला, कोळ्याचं जाळं कसं गुंडाळलं, सगळं पाठ. मी केसांत काय माळलं होतं ते विचारा, नाही सांगता येणार.

हे पन्नासचं दशक संपत आलं तेव्हाचं. आम्ही बसवनगुडीत राहायचो. आमची माणसं पिढ्यान्‌पिढ्या बेंगळुरातली, त्यामुळे घरात मराठी आणि दाराबाहेर कन्नड, आणि दोन्हीचं मिश्रण स्वयंपाकघरात. हे सरकारी कचेरीत होते. रविवार मात्र ह्यांचा नव्हे, माझा तर नव्हेच, घरट्यांचा. तेव्हा पक्ष्याचा फोटो म्हणजे घरट्यावरचाच फोटो. पक्षी दुसरीकडे कुठे बसेल त्याचा भरवसा नाही, घरट्यावर परत यायलाच हवा. आता म्हणतात घरट्याजवळ जाऊ नये, पिल्लांना त्रास होतो. बरोबर आहे. पण तेव्हा ते कुणाच्या मनातही आलं नव्हतं. शिकलीसवरलेली, चांगली माणसं रविवारी काठ्या आणि कापड घेऊन निघायची.

कापड म्हणजे तंबू. माणूस आत लपून बसेल एवढा. आमचा तंबू मी शिवला होता, सासूबाईंच्या हातमशीनवर, खाकी कापडाचा. कॅमेऱ्याचं तोंड बाहेर काढायला पुढे एक बाही ठेवायची असते. ती मी माझ्या पोलक्याच्या बाहीच्या मापाने कापली आणि तोंडाशी इलॅस्टिक घातलं. ह्यांच्या फोटोवाल्या मंडळींत त्या बाहीचं फार कौतुक झालं म्हणे. मला ते सासूबाईंकडून कळलं.

तर तंबूत बसायची एक रीत होती. पक्षी हुशार असतो, माणूस आत शिरताना त्याने पाहिला तर तो जवळ येत नाही. पण पक्ष्याला मोजता येत नाही, असं सगळे मानायचे. म्हणून तंबूकडे दोघांनी चालत जायचं, एकाने आत बसायचं आणि दुसऱ्याने दिसेल असं, अगदी हात हलवत परत जायचं. पक्ष्याला वाटतं, आलेलं संकट गेलं. मग तो घरट्यावर येतो. तर ती परत जाणारी कोण? मी. रविवारी पहाटे सायकलच्या कॅरिअरवर बसून मी ह्यांच्याबरोबर जायची, तंबूपर्यंत चालायची आणि तिथून पाठ फिरवून निघायची. मग तळ्याच्या बांधावर, हाक ऐकू येणार नाही इतक्या लांब, चित्रान्नाचा, म्हणजे लिंबू पिळलेल्या भाताचा, डबा मांडीवर घेऊन बसायची. बांधामागे आंबा होता. उन्हं वर येईपर्यंत मी तिथे.

इतक्या रविवारांत एकदाही मी घरट्यावरचा पक्षी जवळून पाहिला नाही. मागितलं नव्हतं असं नाही. मी म्हटलं, एकदा मी आत बसते, तुम्ही जा. तर म्हणाले, तुझ्या बांगड्या वाजतील. बांगड्या पदराने बांधते म्हटलं. तर म्हणाले, "अगं, तू गप्प बसणारेस का इतका वेळ?" सासूबाई आतून हसल्या. मी तेव्हा खरंच गप्प बसले, दोन दिवस, ह्यांना दाखवून द्यायला. ह्यांच्या ते लक्षातच आलं नाही.

त्या उन्हाळ्यात ह्यांना टिटवी सापडली. आज ज्या बाजूला एचएसआर लेआउट म्हणतात, तिकडे तेव्हा तळं आणि रागीची शेतं होती. तळं आटून काठाशी खडकाळ जमीन उघडी पडली होती आणि तिथे उघड्यावर, काड्या नाहीत की गवत नाही, खड्यांत खड्यांसारखीच चार अंडी. टिटवीचं नाव काढल्याबद्दल सासूबाई नाराज झाल्या, ती घरावरून ओरडत गेलेली चांगली नाही म्हणतात ना. पण ह्यांना एक फोटो हवा होता. जेवताना सांगायचे, उन्हाने अंडी तापली की टिटवी पाण्यात जाते, पोटाची पिसं भिजवते आणि ओल्या पोटाने येऊन अंड्यांवर बसते. तसा फोटो अजून आपल्या मंडळींत कुणाकडे नाही. हे सांगताना ह्यांचा आवाज असा मऊ व्हायचा की मला आमटी वाढायची शुद्ध राहायची नाही. त्या ओल्या टिटवीला मला बघायचंच होतं. अशी काय आहे ती, ते बघायचं होतं.

आणि मग त्या बाई आल्या.

त्या कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायच्या. बेळगावकडच्या, नुकत्याच बदलून आलेल्या, एकट्या राहणाऱ्या. स्वतःचा जर्मन कॅमेरा, स्वतःची सायकल. गल्लीतली मुलं त्यांना टीचर अक्का म्हणू लागली. मराठी कशी स्वच्छ. माझ्या मराठीत दर वाक्याला थोडं म्हणायला कन्नड 'स्वल्प' आणि बरं म्हणायला 'सरी' येतं आणि ह्यांनी त्यावरून मला कधी टोकलं नव्हतं, त्यांची मराठी ऐकल्यावर टोकायला लागले. आमच्याकडे त्या पहिल्यांदा आल्या तेव्हा मी मैसूरपाक केला होता आणि तो नेमका दगड झाला. त्यांनी तो चावून चावून खाल्ला आणि छान झालाय म्हणाल्या. ते खोटं बोलणंसुद्धा त्यांना शोभून दिसलं, ह्याचा मला राग.

पण खरा राग पुढे आला. आमच्या बाहेरच्या खोलीत एक जुनं चित्र होतं, माझ्या माहेराहून माझ्याबरोबर आलेलं. मैसूरच्या कुणा चिताऱ्याने काढलेलं, पानांवर सोन्याचा वर्ख. आंब्याच्या फांदीवर गवताचं घरटं, वाटीसारखं, आणि त्यात राघू, मैना म्हणावी अशी त्याची मादी, आणि चोची उघडलेली पिल्लं. ह्यांनी ते चित्र पहिल्या दिवशी बघितलं आणि हसले होते. पोपट ढोलीत राहतो, गवताचं घरटं करत नाही, तुमच्या चिताऱ्याने पोपट कधी पाहिलाच नव्हता, असं आल्यागेल्याला सांगायचे. मग स्वतःचं पुस्तक काढून दाखवायचे, साहेबाच्या काळात छापलेलं, पानापानाला रंगीत पक्षी. त्यांत एकेक पीस मोजून काढलेलं, पण पक्षी असे एकटे, ताठ बसलेले, जणू काही परीक्षेला बसलेत. मी म्हणायची, अहो, चिताऱ्याला पोपटाचं घर कुठे काढायचं होतं, त्याला संसार काढायचा होता. ढोली काढली असती तर आतलं कोण दिसलं असतं? हे हूं म्हणून पान उलटायचे.

त्या बाई चित्रासमोर उभ्या राहिल्या, चष्मा पुसला, परत बघितलं. आणि म्हणाल्या, "किती शहाणा चित्रकार. ढोली उघडून घरटं केलंय, म्हणजे सगळं कुटुंब एकदम दिसतं."

हे म्हणाले, "खरंच की. माझ्या कधी लक्षात आलं नाही."

मी हातात कॉफीचे पेले घेऊन उभी होते. दोन्ही पेले त्यांच्या डोक्यावर ओतावेत असं वाटलं, एक ह्यांच्या आणि एक त्यांच्या. त्या दिवसापासून ते चित्र ह्यांचं झालं. धूळ पुसायला लागले.

पुढच्या रविवारी ठरलं, टिटवीला त्या बाईही येणार. तंबूत दोघं मावतात. बाही एकच, तेव्हा आधी एकाने फोटो घ्यायचे, मग दुसऱ्याने. म्हणजे तिघांनी चालत जायचं आणि एकाने परत यायचं. कोणी, ते बोलायची गरजच पडली नाही.

तर मी शिवलेल्या तंबूत माझा नवरा आणि त्या बाई, आणि मी पाठमोरी, हात हलवत, बांधाकडे. असं चालणं मी आयुष्यात कधी चालले नसेन. मागे वळून बघायचं नाही, पक्ष्याला संशय येतो. मी मनात म्हटलं, पक्ष्याला येतो तर मला का येऊ नये? बांधावर बसून मी फक्त त्या खाकी चौकोनाकडे बघत होते. कापड हललं की मी डबा बाजूला ठेवून उठून उभी राहायची. आज कळतं, काय हलणार होतं, एवढ्या उकाड्यात ती दोघं घाम पुसत असणार. पण तेव्हा मला कोण सांगणार.

टिटवी आली नाही. लांब ढेकळावर उभी राहून ओरडत राहिली. मग हे बाहेर आले, लांबून हात करून मला बोलावलं, आपण पुन्हा आत जाऊ आणि तू पुन्हा जा, ह्यावेळी स्वल्प जोरात बोलत जा. मी गेले. बोलत गेले. काय बोलले ते लिहीत नाही. टिटवी तरी येईना. उन्हं चढायला लागली. तिसऱ्यांदा मला बोलावलं तेव्हा मी तंबूपाशी आले आणि आत जाऊन बसले. सरळ मांडी घालून.

हे म्हणाले, "हे काय?"

मला कारण हवं होतं. कोणतंही. तेवढ्यात समोरून गवत कापणाऱ्या बायका भारे घेऊन चालल्या होत्या, टिटवीच्या अंगावरून जाव्यात इतक्या जवळून, आणि ती जागची हलली नाही. मी म्हटलं, "ती लुगडंवालीला भीत नाही. दिवसभर लुगडी तिच्यासमोरून जातात. ती तुमच्या ह्या टोपीला भिते. टोपी आत असेपर्यंत ती कशाला येईल? टोपीने परत जायला हवं."

ह्यांची साहेबी सोलाची टोपी होती, मोठी, पांढरी. खरं सांगते, मला टिटवीच्या मनातलं काही कळलं नव्हतं. मला फक्त ह्यांना त्या तंबूतून बाहेर काढायचं होतं. जे तोंडाला आलं ते बोलले. हे चिडले, हे काय शास्त्र, असं काही पुस्तकात नाही म्हणाले. पण त्या बाईंनी माझ्याकडे बघितलं आणि ह्यांना म्हणाल्या, बघू या तरी, नाहीतरी आधीची पाळी माझीच होती, कॅमेरा माझाच लावलाय. हे गेले. टोपी घालून, पिशवी खांद्याला, पाठमोरे. मी कापडाच्या फटीतून ह्यांना बांधापर्यंत जाताना पाहिलं, आणि मला कसं गार गार वाटलं म्हणून सांगू.

आणि टिटवी आली.

धावत, थांबत, धावत. माझ्यापासून दोन हातांवर. पाय पिवळे, चोचीजवळ लाल मांस, आणि पोट ओलं, पिसं चिकटून काळपट झालेली. अंड्यांवर उभी राहिली तेव्हा पिसांतून पाणी ठिबकलं, थेंब अंड्यांवर पडून तिथेच पसरले. बाईंच्या कॅमेऱ्याचा खट्‌ खट्‌ आवाज होत होता, त्यांचं कोपर माझ्या बरगडीत. टिटवीने चोचीने एक अंडं हलवलं आणि मग ती बोलली. आपल्याला माहीत असलेली ती कर्कश ओरड नव्हे. अगदी हळू, घशातल्या घशात, आपण झोपलेल्या मुलाजवळून जाताना स्वतःशी पुटपुटतो तसं. आणि अंड्यातून उत्तर आलं. इतकं बारीक की मी श्वास धरला. मग ती अंग हलवत हलवत बसली.

मी एक शब्द बोलले नाही. ह्यांनी ते बघायला हवं होतं.

ह्यांची पाळी आली तेव्हा ढग आले. नंतरच्या रविवारी गेलो तर जागेवर नुसती टरफलं. पिल्लं अंड्यातून निघाली की चालायला लागतात, त्यांना घरटं नकोच असतं. ह्यांचा फोटो राहिला तो राहिलाच.

बाईंचा फोटो प्रदर्शनात लागला. टाऊन हॉलच्या बाजूच्या एका दालनात, मोठा, चौकटीत. थेंबसुद्धा दिसत होते. लोक गर्दी करून बघत होते आणि हे त्या गर्दीच्या मागे हातांची घडी घालून उभे. मी ह्यांचं तोंड बघितलं आणि ओळखलं. ते मी रोज आरशात बघत होते. हेव्याने माणूस कसा बारीक दिसतो, ते मला तेव्हा बाहेरून पहिल्यांदा दिसलं.

घरी येऊन ह्यांनी मला विचारायला सुरुवात केली. कधी नव्हे ते, भाजी निवडताना समोर येऊन बसले. ती कुठल्या बाजूने आली? आधी बसली की आधी उभी राहिली? पाणी किती वेळ ठिबकलं? मी एकेक करून सांगायची, एका दिवशी एक. एवढं लक्ष देऊन हे माझ्याकडे बघतायत ह्याचं मला सुख होतं, मी ते कशाला एका बैठकीत संपवू?

पण एक धाकधूक होती. त्या बाई आमच्याकडे यायच्या, ह्यांच्याशी बोलायच्या. मी राखून ठेवलेलं त्या आवाजाचं त्यांनी सांगून टाकलं तर? एकदा त्या स्वयंपाकघरात पाणी प्यायला आल्या तेव्हा मी हळूच विचारलं, "ती टिटवी अंड्यांशी बोलली, ते ह्यांना सांगितलंत का?"

त्या पेला हातात धरून थांबल्या. "बोलली? कधी? मला तर शटरच्या आवाजापुढे काही ऐकू आलं नाही."

मी म्हटलं, मला भास झाला असेल. त्यांनी मला तसं सोडलं नाही, कसा आवाज, किती वेळ, विचारत राहिल्या, वहीत टिपून घेते म्हणाल्या. त्यांच्या चेहऱ्यावरही मग ते हेव्याचं बारीकपण दिसायला लागलं. मी दूध उतू जाईल असं निमित्त करून वळले.

संध्याकाळी ह्यांनी डाळ निवडायला मदत करता करता विचारलं, "अजून काही होतं का गं त्या दिवशी? राहिलंय काही सांगायचं?"

"एवढंच," मी म्हटलं, आणि सुपातला खडा काढून बाजूला टाकला.