मराठीमुळे अडकणारं मशीन

शाळेत संगणक आला तेव्हा त्याच्यावर पहिला हक्क ऑफिसातल्या क्लार्कभाईंचा होता, दुसरा मोठ्या बेनचा, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिकांचा. मी मराठी वर्गांना शिकवायची. मला हक्कबिक्क नव्हता, सवलत होती. दुपारी क्लार्कभाई बँकेच्या कामाला बाहेर पडले की मी त्यांच्या खुर्चीत बसायचं, आणि तेही खुर्ची न हलवता.

बडोद्यात पाणीगेटजवळच्या आमच्या शाळेत गुजराती वर्ग भरपूर, मराठी मोजके. वर्षातून एकदा शाळेचा अंक निघे. आधी गुजराती, मग इंग्रजी आणि जाहिरातींच्या अलीकडे आमची मराठी पानं. त्या पानांसाठी मी कुणाशीही भांडायला तयार असे. आमच्या वर्गातल्या बऱ्याच मुलांचे वडील धुळ्या-जळगावकडून नंदेसरीच्या कारखान्यांत आलेले. गुजराती बोलायचे, पण वाचता येत नसे. शाळेची सगळी पत्रकं गुजरातीत, त्यामुळे मूल बोट ठेवेल तिथे ते सही करत. शाळेतून घरी येणारं आणि त्यांना स्वतः वाचता येणारं असं हे एवढंच. त्या वर्षी एका मुलीने बाबांच्या रात्रपाळीवर लिहिलं होतं. ते टाइप करताना मला मध्येच उठून पाणी प्यावं लागलं.

पान टाइप व्हायचं, पण छापायला दिलं की मशीन थिजायचं. माऊस फिरवा, कळा बडवा, पडद्यावरचा बाण जागचा हलेना. शेवटी बटण दाबून बंद करायचं आणि पुन्हा पहिल्यापासून. प्रेसवाल्याला छापलेली पानं हवी होती आणि माझं एक पान बाहेर येत नव्हतं.

क्लार्कभाईंना सांगितलं तर ते हसले. "बेन, मारे तो कदी अटकतुं नथी. तमारी मराठी आवे एटले ज अटके छे."

संध्याकाळपर्यंत ते स्टाफरूमभर झालं. मराठीच्या फॉन्टमध्ये व्हायरस आहे म्हणे! मशीन विकणाऱ्या दुकानदाराला फोन केला, तर त्यानेही मशीन न बघता निदान केलं, मराठी काढून टाका. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. ज्या बडोद्यात राजवाड्यापासून कचेरीपर्यंत मराठी बोलली गेली, तिथे एका डबड्याला मराठी सोसवत नाही, आणि हे शिकलेली माणसं मान डोलावून एकमेकांना सांगतात! कुणाला शंकासुद्धा येऊ नये? येत नव्हती, कारण ते कारण सगळ्यांना सोयीचं होतं.

मग मोठ्या बेननी बोलावून घेतलं. "प्रेसवाळो उतावळ करे छे. आ वर्षे मराठी पानां रहेवा दो ने, बेन. मशीन ज ना पाडे छे."

मशीनच नाही म्हणतं म्हणे! मी दोन दिवस मागून घेतले. दिले, पण उपकार केल्यासारखे.

त्या दुपारी मी मराठीला हातच लावला नाही. क्लार्कभाईंनी सकाळी छापलेलं गुजराती प्रार्थनेचं पान उघडलं आणि छापायला दिलं. मशीन थिजलं! एवढा आनंद मला पगाराच्या दिवशीही झाला नसेल. दुसऱ्या दिवशी सकाळी क्लार्कभाईंच्या उरावर बसून माझं मराठी पान त्यांच्याच हाताने छापायला लावलं. सुरळीत बाहेर आलं. ते म्हणाले, नशीब. मी म्हटलं, नशीब नाही, सकाळ. सकाळी चालतं ते दुपारी का चालत नाही, एवढंच आता बघायचं राहिलं होतं.

म्हणून ते बाहेर पडेपर्यंत मी तिथून हलले नाही. त्यांनी पिशवी उचलली, नव्या स्कॅनरचं भिंतीवरचं बटण बंद केलं आणि त्याच्यावर प्लास्टिकचं आवरण चढवून चारी बाजूंनी नीट खोचलं. अंकात ट्रस्टींचे फोटो घ्यायला आणलेली ती महागाची वस्तू. आपल्यामागे कुणी वापरू नये म्हणून ते रोज जाताना बंद करत. कुणी म्हणजे मीच.

ते गेल्यावर मी पदर खोचला आणि टेबलामागे वाकले. संगणकातून निघालेली जाड वायर प्रिंटरकडे जातच नव्हती. ती स्कॅनरमध्ये शिरत होती आणि स्कॅनरमधून दुसरी निघून प्रिंटरला जोडलेली होती. स्कॅनर बंद म्हणजे वाटच बंद. मशीन बिचारं प्रिंटरच्या उत्तराची वाट बघत खोळंबून बसायचं. मी आवरण काढलं, बटण लावलं, संगणक पुन्हा सुरू केला. रात्रपाळीचं पान छापून माझ्या हातात पडलं.

दुसऱ्या दिवशी दोघांना उभं करून हे दाखवलं. स्कॅनर बंद, गुजरातीही थिजली. स्कॅनर चालू, मराठीही छापली. क्लार्कभाई म्हणाले, "एटले चालु राखवानुं, एम ने?" जणू पंखा चालू ठेवायचीच गोष्ट. माफीचा शब्द नाही की शरम नाही.

मोठ्या बेन मात्र म्हणाल्या, "साचुं कहुं, बेन? मराठी पानां हवे वांचे छे कोण? मशीननुं तो एक कारण मळी गयुं हतुं."

म्हणजे मशीनचं नुसतं निमित्त मिळालं होतं! मग गुजरातीतच उत्तर दिलं, त्यांना अक्षरन् अक्षर कळावं म्हणून. "तो आवती काले प्रार्थनामां ऊभां रहीने छोकरांओने आ ज कहो. मशीनना नामे नहीं, तमारा नामे."

त्यांनी टेबलावरचे कागद उगाच सारखे केले. "छापी नाखो," म्हणाल्या.

अंक निघाला. त्या मुलीच्या वडिलांनी तो कारखान्यात नेला, असं तिने मला सांगितलं. कुणाकुणाला वाचून दाखवला, हेही सांगत होती.

पुढे काही वर्षांनी मराठी वर्ग बंद करायचं ठरलं. प्रार्थना झाल्यावर मोठ्या बेन माइकपुढे आल्या आणि त्यांनी ते मुलांना स्वतः सांगितलं, सरळ, कुठलंही निमित्त न काढता. मी आमच्या मुलांच्या रांगेशी उभी होते. सूचना संपली की टाळ्या वाजवायच्या, ही शाळेची शिस्त. मुलांनी टाळ्या वाजवल्या. माझ्या रांगेनेसुद्धा.